खैराटच्या शाळेतले संगणक

रायगड जिल्ह्यात कर्जत तालुक्यात खैराट नावाचे छोटे गाव आहे. सन २००७ मध्ये तिथल्या एकशिक्षकी शाळेत प्रत्येक मुलाच्या हाती हिरवापांढरा छोटा संगणक आला. ही योजना अमेरिकेतले प्राध्यापक निकोलस निग्रोपाँटे यांची. शंभर डॉलरांत संगणक, असा तिचा बोलबाला होता. प्रत्यक्षात किंमत दीडशेच्या वर गेली. खुबी अशी, की तार नाही, इंटरनेट नाही, तरी एका मुलाचा संगणक शेजारच्याशी बोले, तो त्याच्या पुढच्याशी. विहिरीवरून घागरी हातोहात पुढे जातात ना, तसेच हे!

दिल्लीच्या शिक्षण खात्याने मात्र २००६ सालीच ही योजना नाकारली होती. आधी शिक्षक अन् वर्गखोल्या हव्यात, हे त्यांचे म्हणणे मला काही अगदीच चूक वाटत नाही.

आपला वाशीम २०१८ पासून आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे. तेव्हा आपल्या गुरुजींना हा प्रश्न परका नाही: पैसा यंत्रावर घालावा की माणसावर? पेरू देशात ३१९ शाळांची पाहणी झाली. २०१२ साली निष्कर्ष निघाला, की गणितात नि भाषेत मुले पुढे गेलेली दिसत नाहीत. उरुग्वेने २००९ पर्यंत सरकारी प्राथमिक शाळांतल्या सर्व मुलांना संगणक दिले, शाळांना जोडणी दिली, शिक्षकांनाही शिकवले. गुण तिथेही फारसे हलले नाहीत. पण गरिबाच्या घरात संगणक पोचला.