भट्टीवर गेलेल्या मुलाची नोंद

भातकापणी उरकून दिवाळी झाली की सायवनच्या आसपासच्या आणि डहाणू-तलासरीतल्या इतर पाड्यांवरची वारली, कातकरी कुटुंबे कामासाठी बाहेर पडतात. कोणी वीटभट्टीवर, कोणी बांधकामावर, कोणी हद्द ओलांडून गुजरातेत. लहान मुले बरोबरच जातात. अंगणवाडी सेविकेच्या मोबाइलमध्ये मात्र मूल बरेचदा गावातच राहते. या महिन्याचे वजन भरलेले नाही, एवढेच काय ते तिथे दिसते.

सॉफ्टवेअर घडवण्यातल्या ॲजाइल डेटाच्या, म्हणजे गरजेप्रमाणे डेटाबेस थोडाथोडा बदलत नेण्याच्या, अभ्यासाकडे वळणाऱ्याने या रिकाम्या जागेपासून सुरुवात करावी, असे मला मनापासून वाटते.

ॲजाइलचा जाहीरनामा २००१च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या युटा राज्यात सतरा जणांनी लिहिला. प्रोग्रॅम थोडाथोडा करून बदलत न्यावा, हे त्यानंतर रुजले. डेटाबेसच्या बाबतीत मात्र ‘एकदा आखला की हात लावायचा नाही’ ही समजूत बराच काळ टिकली. ती मोडून काढणाऱ्यांत स्कॉट ॲम्बलर आणि प्रमोद सदलगे ही नावे महत्त्वाची. ‘रिफॅक्टरिंग डेटाबेसेस’ हे त्यांचे पुस्तक २००६चे.

त्यांची पद्धत आपल्या प्रश्नाला लावून पाहू. समजा, मुलाच्या नोंदीत ‘अंगणवाडी’ हा एकच रकाना आहे. मूल भट्टीवर गेले की तो बदलावा, तर गावचा इतिहास पुसला जातो. तिकडे नवी नोंद करावी, तर एका मुलाची दोन मुले होतात. दंडघेर ११.५ सेंटिमीटरच्या खाली गेलेल्या, म्हणजे तीव्र कुपोषित मुलाच्या बाबतीत हे जिवावर बेतू शकते, कारण तो घेर मागच्या महिन्यात किती होता हेच नव्या ठिकाणी कळत नाही. म्हणून वास्तव्याचा वेगळा तक्ता करायचा: कोणते मूल, कोणती अंगणवाडी, कधीपासून, कधीपर्यंत. जुना रकाना लगेच काढायचा नाही. काही काळ दोन्हीकडे नोंद ठेवायची, जुन्या नोंदी नव्या तक्त्यात आणायच्या, बेरजा जुळवायच्या आणि सगळ्यांच्या फोनवर नवे ॲप पोचल्यावरच जुने मोडायचे. रेंज नसलेल्या पाड्यांसाठी हा मधला काळ लांबच ठेवावा लागतो.

हे काम तंत्रज्ञाचे. पण त्यासाठी वेळ आणि मुभा वरिष्ठांनी द्यायची असते. नेतृत्वाचा प्रश्न इथे येतो. वापरणाऱ्यांचे ऐकणे हाही त्याचाच भाग. ऑगस्ट २०२१मध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारी मोबाइल परत केले. फोन निकृष्ट होते, नोंदींसाठीचे ‘पोषण ट्रॅकर’ ॲप इंग्रजीत होते, अशी त्यांची तक्रार होती. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयातही गेले. त्या आंदोलनाकडे मी वापरणाऱ्यांनी दिलेला सर्वांत मोलाचा अभिप्राय म्हणून पाहतो. पुढे २०२२मध्ये राज्याने स्थलांतरितांचा माग ठेवणारी प्रणाली जाहीर केली. तिच्या सुरुवातीच्या प्रयोगात पालघर जिल्हा होता.

माणसांची गरज पाहून व्यवस्था बदलणारे नेतृत्व डहाणूला नवे नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५मध्ये बोर्डीला सुरू केलेले बालशिक्षणाचे काम पुढे कोसबाडच्या टेकडीवर गेले. गुरे राखणारी मुले शाळेत येईनात, तेव्हा त्यांनी मुलांच्या नावापुढे गैरहजेरी मांडत बसण्याऐवजी शाळाच कुरणात नेली. त्या कुरणशाळेचा अभ्यास संगणकशास्त्राच्या वर्गातही व्हायला हवा.

प्रश्न अजून पुष्कळ आहेत. राज्याच्या हद्दीपलीकडच्या सेविकेला मुलाची नोंद वेळेत कशी मिळेल? होळीला मूल परतल्यावर दोन वजनांपैकी कोणते ग्राह्य धरायचे? एखादे कुटुंब कुठे आहे, हे कोणाला दिसावे आणि मुकादमाला दिसू नये, याची व्यवस्था कोण करील? यासाठी प्रोग्रॅमरनी वजनाच्या दिवशी पाड्यावर यावे आणि तक्ते आखताना सेविका-पर्यवेक्षिकांनी शेजारी बसावे. या अभ्यासात दोघांचेही स्वागत आहे.