‘कामास आला’ आणि ‘भाग घेतला’

मोडी अक्षर लागलें म्हणजे अर्थही लागला, असा समज पुष्कळांचा असतो. वाक्प्रचारांचे बाबतींत तो फार नडतो. सन १७६० च्या उदगीरच्या लढाईच्या काळच्या एखाद्या कागदांत अमुक शिलेदार ‘कामास आला’ असें आढळलें, तर नवखा वाचक तो उपयोगी पडला असें समजेल. वस्तुतः तो रणांत पडलेला असतो. हिंदुस्थानींतील ‘काम आना’ तें हेंच. एका क्रियापदाच्या चुकीनें मेलेला मनुष्य वंशावळींत जिवंत राहतो.

इंग्रजी शिकणाराची अडचण याच जातीची आहे. त्या भाषेंत मनुष्य ‘बादलीस लाथ मारतो’ म्हणजे मरतो. दोन्ही शब्द कोशांत मिळतात, अर्थ मात्र शब्द जुळवून निघत नाहीं. तरी ‘राम म्हटला’ याचा अर्थ ज्यास उपजत ठाऊक, त्यानें बादलीला बुजण्याचें कारण नाहीं.

नांदेड व लातूर या भागांत इंग्रजी वाक्प्रचार आले ते बहुधा दोन वाटांनीं. निजामी राज्यांत १८८४ पासून फारसीच्या जागीं उर्दू दरबारी भाषा झाली; पुढें उस्मानिया विद्यापीठांतही, ज्याचें फर्मान १९१७ चें, शिक्षण उर्दूंतूनच होतें. यामुळें ‘हिस्सा लेना’, ‘रोशनी डालना’ हीं रूपें तिकडून, आणि ‘भाग घेणें’, ‘प्रकाश टाकणें’ हीं पुण्यामुंबईच्या छापील मराठींतून, अशीं दोहोंकडून आलीं असावीं. मूळ दोहोंचें इंग्रजीच, असें आमचें मत आहे.

याचा उपयोग संग्राहकांस असा. जुन्या वांटणीपत्रांत ‘भाग घेतला’ म्हणजे आपला हिस्सा उचलला. तेथें ‘सामील झाला’ असें वाचल्यास दाव्याचा अर्थच उलटतो. उलटपक्षीं पेशवाईच्या मितीच्या कागदांत कोणी ‘मसलतींत भाग घेतला’ असें आढळल्यास आम्ही कागद, शाई व शिक्का पुन्हा तपासूं. एवढ्यावरून कागद बनावट ठरवूं नये. नकलकारही आपल्या काळची भाषा घालतो.

अडल्यास मोल्स्वर्थच्या कोशाची १८५७ ची दुसरी आवृत्ति काढून मुख्य शब्दाखालील प्रयोग पाहावे. उदगीरकडील दप्तर शोधणारानें तें १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यांत होतें, व लातूर १९८२ पर्यंत उस्मानाबादेंत होतें, हेंही ध्यानीं ठेवावें.