ट्रॅक्टरवर चढणारा हात: एका साध्या मुठीचा इतिहास

१/ डाव्या बाजूने ट्रॅक्टरवर चढणाऱ्या माणसाचा हात प्रथम कुठे जातो? बहुधा स्टिअरिंगकडे. स्टिअरिंग मात्र फिरते आणि भार पडताच आधार डळमळतो. पक्की मूठ तिथे का नसते, या प्रश्नामागे शंभर वर्षांचा इतिहास आहे आणि त्याची एक वाट पुण्यातून जाते. #थ्रेड

२/ १९१७ साली अमेरिकेत फोर्डसन ट्रॅक्टरचे उत्पादन सुरू झाले. त्याचे आसन अगदी मागे, लोखंडी पट्टीवर बसवलेले होते. चालक मागूनच चढत असे. यंत्र बुटके, वाट मोकळी. वेगळ्या मुठीची निकड फारशी नव्हती.

३/ १९३९ मध्ये हॅरी फर्ग्युसन यांची तीन-बिंदू जोडणी फोर्डच्या ट्रॅक्टरवर आली. नांगर थेट ट्रॅक्टरच्या पाठीला टेकला आणि मागची वाट अडली. चालकाला आता बाजूने, मोठ्या चाकाच्या अगदी पुढून चढावे लागू लागले. पाय घसरला तर पडायची जागा तीच.

४/ पुणे परिसरात त्या काळी ट्रॅक्टर दुर्मीळच होता. याचे एक कारण पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड मान यांच्या १९१७ च्या ग्रंथात सापडते. त्यांनी पिंपळे सौदागर या गावाचा अभ्यास केला. १७७१ मध्ये सरासरी ४० एकर असलेली धारणा १९१५ पर्यंत ७ एकरांवर आली होती, आणि तीही तुकड्यातुकड्यांत.

५/ हा आकडा मुठीच्या इतिहासात महत्त्वाचा आहे. लहान शेतावर ट्रॅक्टर केवळ नांगरटीने परवडत नाही. तो ऊस ओढतो, खत वाहतो, बाजाराला जातो. शेतीचे यंत्र अशा रीतीने घरचे वाहन होते आणि मडगार्ड हे बसण्याचे ठिकाण ठरते.

६/ १९५९ हे वर्ष दोन कारणांनी लक्षात ठेवावे. त्या वर्षी फरिदाबादच्या आयशर कारखान्यातून भारतात बनलेला पहिला ट्रॅक्टर बाहेर पडला. त्याच वर्षी स्वीडनने नव्या ट्रॅक्टरांवर, उलटल्यास चालकाला वाचवणारी संरक्षक चौकट सक्तीची केली. तेथे उलटून होणारे मृत्यू पुढील दशकांत झपाट्याने घटले.

७/ चौकटीला काचा-दारे लागली आणि केबिन तयार झाली. ऊन, पाऊस, धूळ यांपासून निवारा मिळाला. चढणे मात्र अरुंद दारातून आणि अधिक उंचावर गेले. १९८० च्या युरोपीय निर्देशाने पहिली पायरी जमिनीपासून ५५० मिलिमीटरपेक्षा उंच नसावी, असे ठरवले.

८/ याच विचारातून एक साधा नियम रुजला: दोन हात आणि दोन पाय यांपैकी तीन अवयव सदैव टेकलेले असावेत, तोंड यंत्राकडे, उतरताना उडी नाही. मूठ नसेल तर हा नियम पाळणे अशक्य होते.

९/ भारतात मुठीची गोष्ट निराळे वळण घेते. मडगार्डवरची दांडी चढण्यासाठी असते. प्रत्यक्षात तिला धरून माणसे बसतात. १९८९ च्या रस्ता-नियमांनी ट्रॅक्टरवर अन्य व्यक्तीला नेण्यास मनाई केली. तरीही चालकाला सावरणारी दांडीच दुसऱ्याला धोक्याच्या जागी बसण्याचे आमंत्रण देते.

१०/ म्हणून मूठ कुठे बसवली, हे निर्णायक ठरते. ती दाराच्या कडेला, जमिनीवरून हाताला येईल अशी आणि बोटे पूर्ण वळतील इतकी मोकळी हवी. मडगार्डच्या माथ्यावर नव्हे.

११/ गावोगावच्या वेल्डिंगच्या दुकानांत एक चूक सहज घडते: मूठ थेट संरक्षक चौकटीच्या खांबाला वेल्ड केली जाते किंवा खांबाला भोक पाडले जाते. ट्रॅक्टर उलटताना धक्का पचवेल अशा बेताने ती चौकट घडवून तपासलेली असते. वेल्डिंगच्या उष्णतेने पोलादाचे गुण बदलतात, भोकापाशी तडा जाऊ शकतो. रोजच्या घसरण्यापासून वाचवणारी मूठ मग जीवघेण्या क्षणी दगा देते.

१२/ योग्य मार्ग म्हणजे उत्पादकाने दिलेल्या छिद्रांत बोल्टने आवळणे, किंवा त्याने मान्य केलेला क्लॅम्प वापरणे.

१३/ १९९० च्या दशकाअखेर पुण्याजवळच्या सणसवाडीत एल अँड टी आणि जॉन डिअर यांचा संयुक्त ट्रॅक्टर प्रकल्प उभा राहिला. वाहनांची चाचणी घेणारी एआरएआय ही संस्था तर १९६६ पासून पुण्यात आहे. वेताळ टेकडीचा एक भाग तिच्याच नावाने ओळखला जातो. नवा ट्रॅक्टर मानके आणि चाचण्या यांतून जातो.

१४/ जुना ट्रॅक्टर मात्र दोन-तीन पिढ्या राबतो. त्याला मूठ लावायची की नाही, आणि कुठे, हे आजही गावचा वेल्डर आणि मालक मिळून ठरवतात. स्वीडनच्या कायद्याने जे साधले, ते या दोघांच्या पाच मिनिटांच्या बोलण्यात टिकते किंवा निसटते.

(समाप्त)