लिब्रिव्हॉक्स

लिब्रिव्हॉक्स हा प्रताधिकारमुक्त पुस्तकांची ध्वनिमुद्रणे तयार करून ती विनामूल्य उपलब्ध करून देणारा स्वयंसेवी प्रकल्प आहे. ह्यू मॅग्वायर यांनी ऑगस्ट २००५ मध्ये कॅनडातील माँट्रियल येथून त्याची सुरुवात केली. विविध देशांतील स्वयंसेवक आपापल्या घरी पुस्तकांचे वाचन ध्वनिमुद्रित करतात. त्यांना मोबदला दिला जात नाही आणि श्रोत्यांकडून शुल्क घेतले जात नाही. प्रकल्पाच्या संग्रहात १५,००० हून अधिक ध्वनिमुद्रणे असून त्यांपैकी बहुतांश इंग्रजी आहेत. जर्मन, फ्रेंच, स्पॅनिश, डच इत्यादी भाषांतील साहित्याचाही त्यात समावेश आहे.

नाव व इतिहास

'लिब्रि' (पुस्तके) आणि 'व्हॉक्स' (आवाज) या लॅटिन शब्दांवरून प्रकल्पाचे नाव तयार झाले आहे. लॉरेन्स लेसिग यांचे 'फ्री कल्चर' हे पुस्तक २००४ मध्ये मुक्त परवान्याखाली प्रसिद्ध झाले. त्यानंतर ए. के. एम. ॲडम यांच्या पुढाकाराने अनेकांनी त्यातील एकेक प्रकरण वाचून ध्वनिमुद्रित केले. हीच पद्धत जुन्या अभिजात साहित्यासाठी वापरता येईल, ही कल्पना मॅग्वायर यांना या उपक्रमावरून सुचली. जोसेफ कॉनरॅड यांची 'द सिक्रेट एजंट' ही कादंबरी लिब्रिव्हॉक्सचे पहिले पुस्तक ठरली. तिची प्रकरणे वेगवेगळ्या स्वयंसेवकांनी वाचली होती.

कार्यपद्धती

वाचनासाठीचा मजकूर बहुधा प्रोजेक्ट गुटेनबर्ग या ई-पुस्तकांच्या संग्रहातून घेतला जातो. तयार ध्वनिमुद्रणे इंटरनेट आर्काइव्ह या अमेरिकेतील डिजिटल ग्रंथालयात साठवली जातात. प्रत्येक पुस्तकासाठी एक समन्वयक असतो. तो पुस्तकाचे भाग पाडतो आणि इच्छुक अभिवाचक आपल्या पसंतीचे भाग निवडतात. प्रत्येक भागाच्या आरंभी प्रकल्पाचे नाव सांगून ध्वनिमुद्रण प्रताधिकारमुक्त असल्याचे निवेदन केले जाते.

अभिवाचकासाठी स्वरचाचणी किंवा अनुभवाची अट नाही. नवागताकडून साधारण एक मिनिटाचे नमुना ध्वनिमुद्रण मागवले जाते, परंतु त्याचा हेतू आवाजाची पातळी, पार्श्वभूमीतील गोंगाट व फाईलचे तांत्रिक स्वरूप तपासणे एवढाच असतो. नंतर दुसरा स्वयंसेवक संपूर्ण भाग ऐकून सुटलेला मजकूर, दोनदा वाचलेली वाक्ये आणि लांबलेले विराम नोंदवतो. उच्चारशैली किंवा वाचनातील भाव यांवर तो अभिप्राय देत नाही. मजकूर छापील प्रतीप्रमाणे वाचावा लागतो. अभिवाचकाला तो स्वतःहून संक्षिप्त करता येत नाही.

ध्वनिमुद्रणाचे मुख्यतः तीन प्रकार आहेत. एकल वाचनात संपूर्ण पुस्तक एकच व्यक्ती वाचते, तर सामूहिक वाचनात प्रकरणागणिक आवाज बदलतो. नाट्यवाचनात प्रत्येक पात्राचे संवाद स्वतंत्रपणे ध्वनिमुद्रित होतात आणि संपादक ते एकत्र जोडतो. एकाच पुस्तकाच्या अनेक आवृत्त्या करण्यास मुभा असल्याने लोकप्रिय ग्रंथ निरनिराळ्या आवाजांत उपलब्ध आहेत.

ध्वनिमुद्रणांचा पुनर्वापर

अभिवाचक आपल्या ध्वनिमुद्रणावरील सर्व हक्क सोडतो. त्यामुळे कोणालाही परवानगी न घेता त्याची प्रत काढता येते, त्यात बदल करता येतो आणि ते विकताही येते. विनामोबदला केलेल्या वाचनातून इतरांनी उत्पन्न मिळवले, तरी त्याला कायदेशीर हरकत घेता येत नाही.

याच मोकळिकीमुळे हा संग्रह संगणकीय संशोधनासाठीही वापरला गेला. २०१५ मध्ये संशोधकांनी लिब्रिव्हॉक्सच्या इंग्रजी ध्वनिमुद्रणांतून 'लिब्रिस्पीच' हा सुमारे १,००० तासांचा संच तयार केला. बोललेले शब्द ओळखणाऱ्या प्रणालींच्या प्रशिक्षणासाठी व तुलनेसाठी तो मोठ्या प्रमाणावर वापरला जातो. स्वतः लिब्रिव्हॉक्स मात्र यंत्रनिर्मित आवाजातील वाचन स्वीकारत नाही.

मूल्यमापन

सर्वांना प्रवेश देण्याच्या धोरणामुळे वाचनाच्या दर्जात तफावत आढळते, ही या प्रकल्पावरील नेहमीची टीका आहे. सामूहिक वाचनात ती विशेष जाणवते. एखाद्या कसलेल्या अभिवाचकानंतर लगेच नवख्याचा आवाज ऐकू येतो. व्यावसायिक निवडीचे निकष लावल्यास दर्जा अधिक एकसारखा राहील. परंतु फारसे खपत नसलेले ग्रंथ वाचायला पुढे येणाऱ्यांची संख्या त्यामुळे घटेल. व्यावसायिक प्रकाशक सहसा हाती घेत नाहीत अशी अनेक पुस्तके या धोरणामुळेच ऐकण्यास मिळतात. दृष्टिहीन व्यक्ती, छापील मजकूर वाचण्यात अडचण येणारे विद्यार्थी आणि भाषा शिकणारे यांना त्यांचा उपयोग होतो.

प्रताधिकार आणि मराठी साहित्य

पुस्तक निवडताना लिब्रिव्हॉक्स अमेरिकेचा कायदा प्रमाण मानते. अन्य देशांतील स्वयंसेवकांना आपल्या देशाचा कायदाही पाहावा लागतो. भारतात प्रताधिकार साधारणपणे लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षे टिकतो. अमेरिकेत जुन्या पुस्तकांची मुदत प्रथम प्रकाशनापासून मोजली जाते आणि ती ९५ वर्षांपर्यंत असू शकते.

त्यामुळे एकच पुस्तक एका देशात मुक्त आणि दुसऱ्या देशात संरक्षित असू शकते. साने गुरुजींचे निधन १९५० मध्ये झाल्याने त्यांचे साहित्य भारतात २०११ च्या प्रारंभी प्रताधिकारमुक्त झाले. परंतु १९३० च्या दशकाच्या मध्यास प्रसिद्ध झालेल्या 'श्यामची आई'ची अमेरिकेतील मुदत २०३० पर्यंत तरी संपत नाही. याउलट १९१९ मध्ये निवर्तलेल्या हरि नारायण आपटे यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या कादंबऱ्या दोन्ही देशांत मुक्त आहेत. अशा मराठी पुस्तकाच्या ध्वनिमुद्रणासाठी प्रताधिकारमुक्त असल्याचे दाखवता येईल असा मजकूर, अभिवाचक आणि मराठी जाणणारा तपासनीस श्रोता यांची गरज असते.