नाल, नालबंद आणि अनवाणी घोडा

'नाल' हा शब्द आता पुरता मराठी झाला आहे. चौकटीवर ठोकलेली घोड्याची नाल आम्ही लहानपणापासून पाहत आलो. मोहरममध्ये नालसाहेबांची सवारी निघते, तेव्हा तोच आकार डोक्यावर घेऊन माणसे नाचतात. मुळात हा शब्द अरबी आहे. अरबीत 'नअ्ल' म्हणजे पायताण. कुरआनात तुवाच्या पवित्र खोऱ्यात हजरत मूसांना पायताण उतरवण्याची आज्ञा होते, तिथे हाच शब्द येतो. त्याला फारसी 'बंद' जोडला की नालबंद होतो, म्हणजे जनावराला पायताण बांधणारा. पश्चिम महाराष्ट्रातल्या आमच्या बिरादरीत हे आडनाव आजही ऐकू येते.

घोड्याला पायताण हवेच का, असा प्रश्न गेली काही वर्षे जगभर विचारला जात आहे. घोडा अनवाणी ठेवा, तबेल्यात कोंडू नका, कळपाने मोकळ्यावर राहू द्या, असे म्हणणारे वाढत आहेत. वरवर पाहता हा विचार नालबंदाच्या पोटावर पाय देणारा वाटतो. इतिहास चाळला तर मात्र वेगळेच काही हाती लागते.

खिळ्यांनी ठोकलेल्या नालेशिवाय जगाने फार मोठा काळ घोडे वापरले. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात झेनोफन या ग्रीक सेनानीने अश्वविद्येवर पुस्तक लिहिले. त्याचे घोडे अनवाणीच होते. ओली, गुळगुळीत जमीन चांगल्या खुरांचाही नाश करते, असे त्याने बजावले. उपाय सांगितला तोही साधा. तबेल्याबाहेर चार-पाच गाड्या मुठीएवढे गोल दगड पसरावेत आणि खरारा करताना घोडा त्यांवर उभा करावा. युरोपात लोखंडी नाल रुळली ती त्यानंतर हजाराहून अधिक वर्षांनी, नवव्या-दहाव्या शतकानंतर.

झेनोफनच्या सल्ल्यामागे खुराची घडण आहे. खूर आपल्या नखासारखाच वाढतो, महिन्याला साधारण 6 ते 10 मिलिमीटर. मोकळा घोडा दिवसभर चरत चालतो, तेव्हा जेवढा वाढतो तेवढाच खूर झिजतो. पाऊल टेकले की खूर किंचित पसरतो, उचलले की आवळतो. त्या हालचालीने पायातले रक्त खेळते आणि धक्का जिरतो. बांधलेल्या घोड्याचे हे सारे थांबते. मूत आणि लिदीच्या ओलीने खूर मऊ पडतो, कुजतो. नाल जमिनीची झीज वाचवते हे खरे, पण खुराचे पसरणेही अडवते आणि खिळ्यांची भोके मागे ठेवते. लंडनमधला पशुवैद्य ब्रेसी क्लार्क याने 1809 च्या सुमारास जिवंत घोड्यांच्या पायांवर प्रयोग करून हेच मांडले होते.

आमच्याकडे हे ज्ञान नव्हते असे नाही. अरबीत पशुवैद्याला 'बैतार' म्हणतात. नाल मारणारा आणि इलाज करणारा एकच. कैरोचा सुलतान अल-नासिर मुहम्मद याच्या पागेचा बैतार अबू बक्र याने चौदाव्या शतकात घोड्यांची निगा आणि त्यांचे आजार यांवर मोठा ग्रंथ लिहिला. बैतार हा आधी खुराचा जाणकार, मग लोखंडाचा कारागीर.

दख्खनला घोडा समुद्रातून आला. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलो सांगतो की, ठाण्याच्या राजाने चाच्यांशी करार केला होता. लुटीत मिळालेले घोडे राजाचे, बाकी माल चाच्यांचा. दक्षिणेत मात्र महागडे अरबी घोडे निगा न कळल्याने वर्षभरात मरतात, तिथे नालबंदही नाहीत, असे तो नोंदवतो. पंधराव्या शतकात निकितिन हा रशियन व्यापारी एक घोडा घेऊन चौलला उतरला आणि जुन्नरला गेला. इथे घोड्यांना खिचडीत साखर आणि तेल घालून चारतात, याचे त्याला नवल वाटले. अकबराच्या पागेत 12,000 घोडे होते. 'आईन-ए-अकबरी' सांगते की, नाल वर्षातून दोनदा बदलत आणि चार पायांच्या संचाला आधी 8, मग 10 दाम देत.

पागा वाढली, पण घोडा दाव्याला बांधला गेला. आगाडी-पिछाडी, चंदी, तबेला, सगळी व्यवस्था झाली. बिरबलाच्या नावावर खपणारे कोडे आपण सगळे जाणतो. भाकरी का करपली, पान का सडले, घोडा का अडला? उत्तर एकच, न फिरवल्याने.

फिरणारा घोडाही याच मातीत होता. मलिक अंबरने मराठा घोडदळाच्या बळावर मोगलांना जेरीस आणले, ते हलक्या, चपळ स्वारांच्या जोरावर. भीमेच्या खोऱ्यातल्या भीमथडी घोड्याचे नाव तेव्हापासून मराठी स्वारांशी जोडलेले आहे. ब्रिटिश आमदनीत घोडदळे मोडली आणि हा घोडा मागे पडला. त्याला सांभाळले ते धनगरांनी. मेंढरांबरोबर बिऱ्हाड पाठीवर घेऊन तो आजही रानोमाळ फिरतो, रात्र उघड्यावर काढतो. 2023-24 मध्ये त्याची स्वतंत्र जात म्हणून अधिकृत नोंद झाली. जे तबेल्यांना जमले नाही ते वाड्यावाड्यांनी केले.

अमेरिकेतल्या जेमी जॅक्सनची हकीगतही ऐकण्याजोगी आहे. हा स्वतः नालबंद. 1982 ते 1986 या काळात त्याने नेवाडाच्या माळरानावरच्या रानघोड्यांचे खूर अभ्यासले. कुणी न तासता ते टणक आणि नेटके होते. 1992 मध्ये त्याने त्यावर पुस्तक लिहिले. 2006 मध्ये मांडणी सुचवली ती अशी की, कुरणाच्या कडेने अरुंद वाट काढावी, चारा आणि पाणी दूर दूर ठेवावे, म्हणजे कळप आपोआप चालत राहतो.

म्हणजे हा विचार निघाला तोही एका नालबंदाच्या डोक्यातून. यात आमच्या माणसांसाठी मोठी गोष्ट दडलेली आहे. मुंबई उच्च न्यायालयाने 2015 मध्ये व्हिक्टोरिया बग्ग्या वर्षभरात बंद करण्याचा आदेश दिला. टांगे तर गावोगावी आधीच संपत आले होते. आता नालबंदाच्या हाती उरले लग्नाचे घोडे आणि बैलांच्या पत्र्या. मुले हा धंदा शिकायला तयार नाहीत, आणि त्यांना दोष तरी कसा द्यावा?

पण अनवाणी घोड्यालाही कारागीर लागतो. डांबरी रस्त्यावर ओझे ओढणाऱ्या जनावराची नाल एका दिवसात काढली तर ते लंगडेल. नवा खूर खालपर्यंत यायला नऊ ते बारा महिने जातात. तोवर दर काही आठवड्यांनी किती तासायचे, कुठे हात आवरायचा, हे पाय मांडीवर घेतल्यावर ज्याला कळते तोच खरा नालबंद. मऊ जमिनीवर फिरणाऱ्या घोड्याला तो हात कायमच हवा असतो.

पशुवैद्यकीय महाविद्यालयांनी या जुन्या हातांना बोलावून शिकवायला बसवावे, असे आम्हाला वाटते. नाल उतरली तरी चालेल. ती ठोकण्याआधी खूर वाचणारी नजर पिढीबरोबर जाऊ नये, एवढेच.