चादरीखालचा खडक

पाय टेकू नका. खाली अकराशे अंशांहून तापलेला लाव्हा आहे. तुम्ही आहात त्या जागी पुढे सोलापूरची अक्कलकोट रोड एमआयडीसी येणार आहे. त्याला अजून ६ कोटी ६० लाख वर्षं अवकाश आहे. ही भूमी सध्या विषुववृत्ताच्या दक्षिणेला आहे आणि हिंदी महासागरातून उत्तरेकडे सरकते आहे.

शंकूसारखा ज्वालामुखी शोधत असाल तर तो इथे नाही. पश्चिमेकडे जमिनीला लांबच लांब भेगा पडल्यात आणि त्यांतून निघालेला रस सपाटीवरून वाहत इथवर पोचलाय. वरचं कवच काळं पडून घट्ट होतं, आत नवा रस शिरत राहतो आणि अख्खा थर हळूहळू फुगून वर येतो.

आता त्या थराच्या आत उतरा. रस निवतोय तसे कॅल्शियम, सोडियम, ॲल्युमिनियम, सिलिकॉन आणि ऑक्सिजनचे अणू एकमेकांत अडकून पांढुरक्या सुया बनताहेत. हे प्लॅजिओक्लेज. शेजारी काळपट ऑजाइटचे कण. रसात विरघळलेला वायू बुडबुड्यांनी वर निघालाय, पण कवच वाट देत नाही. बुडबुडे तिथेच थिजतात. खडकात बोराएवढ्या, नारळाएवढ्या, कुठे त्याहून मोठ्या पोकळ्या राहतात. पुढची सगळी गंमत या रिकाम्या जागांत घडणार आहे.

एक थर निवतो, त्यावर दुसरा येतो. दोहोंच्या मधे कधी इतका काळ जातो की आधीच्या थराचा माथा कुजून त्याची लाल माती होते. विहिरीच्या कडेला तो तांबडा पट्टा अजूनही दिसतो. इथून ईशान्येला किल्लारीजवळ १९९३च्या भूकंपानंतर खोल छिद्र घेतलं, तेव्हा ३३८ मीटरवर लाव्हाचे थर संपले आणि थोड्याशा गाळाखाली लाव्हाच्या फार आधीचा खडक लागला.

आता एका पोकळीत बसा. अंधार आहे, ऊब आहे. खडकाच्या चिरांतून कोमट पाणी झिरपतंय. वाटेत त्याने प्लॅजिओक्लेज आणि ज्वालामुखी काच थोडी थोडी विरघळवून घेतली आहे. भिंतीवर आधी हिरवट चिकणमातीचा पातळ लेप बसतो. त्यावर कधी कॅल्सेडनी, कधी ह्यूलँडाइट; मग गव्हाच्या पेंढीसारखी मधे आवळलेली, दोन्ही टोकांना फुललेली स्टिल्बाइटची जुडी. घाई कुणालाच नाही. लाव्हा निवून लाखो वर्षं उलटल्यावरही ही स्फटिकं वाढताहेत. ह्यूलँडाइट आणि स्टिल्बाइटच्या सांगाड्यात बारीक बोगदे आहेत आणि त्या बोगद्यांत पाण्याचे रेणू जाऊन बसलेत. त्या पाण्यावर लक्ष असू द्या, कारण नाव त्याच्यामुळेच पडणार आहे.

त्यासाठी मात्र स्वीडनला, १७५६ सालात जायला हवं. ॲक्सेल क्रॉनस्टेट नावाचा खनिजशास्त्रज्ञ स्वापावारा इथल्या तांब्याच्या खाणीतला एक दगड ज्योतीत धरून नळीने फुंकतोय. त्याच्या खांद्यावरून बघा: दगड तापतो आणि त्यातून फेस यायला लागतो. आत कोंडलेलं पाणी वाफ होऊन सुटतंय. क्रॉनस्टेट नाव ठेवतो झिओलाइट, ग्रीकमध्ये उकळणारा दगड. दख्खनच्या पोकळ्यांतली बरीचशी स्फटिकं याच घराण्यातली.

मला ही अशी नावं मनापासून आवडतात. कुणीतरी दगडाजवळ बसून त्याला तापवलं, तो काय करतो ते पाहिलं आणि तेच नाव म्हणून लिहिलं. स्कोलेसाइट तापवला की अळीसारखा वळवळतो. ग्रीक स्कोलेक्स म्हणजे अळी. अपोफिलाइट तापला की पापुद्रे सोडतो. त्याचंही नाव पापुद्र्यांवरून. ह्यूलँडाइटची गोष्ट निराळी. १८२२मध्ये हेन्री ब्रूक यांनी ते नाव जॉन हेन्री ह्यूलँड या इंग्लंडमधल्या संग्राहकाच्या मानार्थ दिलं. याच ब्रूक यांनी पुण्याच्या नावावरून एका खनिजाला पूनालाइट म्हटलं होतं. पुढे ते आधीच्याच एका खनिजाहून वेगळं नाही असं ठरलं आणि पुण्याचं नाव यादीतून गळलं. पुण्याजवळच्याच वाघोलीच्या खाणीतला निळाभोर कॅव्हनसाइट जगभरच्या संग्रहालयांत आहे. तोही आधी १९६७मध्ये अमेरिकेत ओरेगनला सापडला आणि नाव बसलं ते त्यातल्या कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकेटवरून. ज्या वडारांच्या घणाने हे खडक फुटले, विहिरी खोदताना ज्यांच्या छन्नीपुढे ही चकाकती पोकळी पहिल्यांदा उघडली, त्यांच्यापैकी कुणाचं नाव यांतल्या एकाही खनिजाला नाही. हे मला खटकतं आणि खटकत राहायला हवं.

परत सोलापुरात या, पण जमिनीवर. लाव्हा कधीच थांबलाय. ऊन, पाऊस आणि मुळांनी वरचा काळा कातळ कुजवून आधी मुरूम केला, मग माती. प्लॅजिओक्लेज सुटलं, काच सुटली, त्यांचे अणू नव्याने मांडले गेले आणि मॉन्टमोरिलोनाइट नावाची चिकणमाती तयार झाली. फ्रान्समधल्या मॉन्मोरियों गावावरून १८४७ साली पडलेलं हे नाव. आणि प्लॅजिओक्लेजला आपलं नाव मिळालं तेही त्याच वर्षी. कातळ आणि त्याची माती यांच्यात कोट्यवधी वर्षांचं अंतर, पण बारसं एकाच साली.

या मातीच्या पापुद्र्यांत पाणी शिरतं तेव्हा ती फुगते. उन्हाळ्यात आटते आणि वावराला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पाणी असं धरून ठेवते म्हणून पाऊस गेल्यावरही कापूस तग धरतो. १८६०मध्ये रेल्वे आली. १८७७मध्ये सुरू झालेल्या जुन्या मिलचा भोंगा ऐका. कापूस, सूत, हातमाग, मग यंत्रमाग. सोलापूरच्या कापडाची सुरुवात सांगताना आपण मिलमालक आणि पद्मशाली विणकरांपासून सांगतो. ते खरंच आहे, पण त्या दोघांच्याही आधी या मातीने आपलं काम करून ठेवलं होतं.

आता आजच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत उभे राहा. शेडमधे जकार्डचे माग खडखडताहेत, चादरीवर मोर उमटतोय, पलीकडे टर्की टॉवेलचे गठ्ठे बांधले जाताहेत. पायाखाली शहाबादी फरशी असेल तर तीही नीट बघा: हा भीमेच्या खोऱ्यातला चुनखडक लाव्हाच्या कितीतरी आधी समुद्रात साचला होता. म्हणजे शेडची फरशी तिच्या खालच्या कातळाहून जुनी आहे.

डाइंगच्या बॉयलरपाशी चला. खनिजं बनायची थांबलेली नाहीत, ती इथे बनताहेत. बोअरचं पाणी खडकाच्या चिरांतून येतं आणि प्लॅजिओक्लेजमधून सुटलेलं कॅल्शियम सोबत आणतं. पाणी तापलं की त्यातला कार्बन डायऑक्साइड उडतो आणि नळ्यांवर पांढरा थर बसतो. कामगार म्हणतात, क्षार बसलाय. तो बव्हंशी कॅल्साइट, लॅटिनमधल्या चुन्याच्या नावाचा. कधी त्याचाच भाऊबंद ॲरागोनाइट, स्पेनमधल्या मोलिना दे आरागोन गावाचा. पोकळीत लाखो वर्षं चाललेलं काम नळीत थोड्या दिवसांत उरकतं, आणि तो थर उष्णता अडवतो म्हणून जळण जास्त लागतं.

त्यावरचा उपायही झिओलाइटनेच शिकवला. त्याच्या बोगद्यांतलं सोडियम सुटतं आणि पाण्यातलं कॅल्शियम त्याची जागा घेतं. विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीत रॉबर्ट गान्स यांनी कृत्रिम झिओलाइट बनवून पाणी मऊ करायची रीत काढली. आता टाकीत बहुधा रेझिनचे मणी असतात, पण देवाणघेवाण तीच. मणी कॅल्शियमने भरले की मिठाच्या पाण्याने धुतात. सोडियम परत जागेवर बसतं, कॅल्शियम वाहून जातं आणि टाकी पुन्हा बोअरच्या पाण्याला जोडतात.