शरीराची स्मरणशक्ती

वाचकहो, आज घरी गेल्यावर आपल्या दादा-दादींच्या किंवा नाना-नानींच्या हाताकडे एकदा निरखून पाहा. दंडावर किंवा कोपराखाली नाण्याएवढे गोल व्रण दिसतील. ते देवीच्या लशीचे व्रण आहेत. शाळेत जाणाऱ्या मुलांच्या हातावर ते नाहीत, कारण तो रोगच आता जगात उरलेला नाही. साथीच्या देवीचा शेवटचा रुग्ण ऑक्टोबर १९७७ मध्ये सोमालियात सापडला आणि मे १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देवीचे निर्मूलन झाल्याचे जाहीर केले. त्या लहानशा व्रणामागे हजार वर्षांहून अधिक काळाचा इतिहास आहे, आणि त्याचे एक महत्त्वाचे पान आपल्या परिचयाच्या एका हकीमाने लिहिले आहे.

अबू बकर मुहंमद इब्न झकरिया अल्-राझी हे इराणातील रय शहरचे. इ. स. ८६५ च्या सुमारास त्यांचा जन्म झाला. रय आणि बगदाद येथील रुग्णालयांचे ते प्रमुख होते. जालीनूस, म्हणजे गेलन, या ग्रीक वैद्याविषयी त्यांना नितांत आदर होता. तथापि रुग्णाच्या खाटेशी बसून जे डोळ्यांना दिसे त्यावर त्यांचा अधिक विश्वास असे. देवी आणि गोवर या दोन रोगांवर त्यांनी एक स्वतंत्र ग्रंथ लिहिला. पाठदुखी देवीत विशेष आढळते, तर मळमळ आणि बेचैनी गोवरात अधिक असते, असा भेद त्यांनी सांगितला. त्या ग्रंथाचे पुढे लॅटिनमध्ये आणि १८४८ मध्ये इंग्रजीत भाषांतर झाले.

देवी एकदा येऊन गेली की पुन्हा का येत नाही, याचेही उत्तर राझींनी शोधले. लहान मुलाचे रक्त ताज्या फळांच्या रसासारखे असते. तो रस फसफसतो, मग निवळतो आणि पुन्हा फसफसत नाही, असे त्यांचे मत होते. हे उत्तर आज चूक ठरले आहे. परंतु प्रश्न अचूक होता.

लोकांनी मात्र उत्तराची वाट पाहिली नाही. देवीच्या फोडातील थोडा द्रव निरोगी माणसाच्या कातडीत टोचून सौम्य देवी आणण्याची रीत तुर्कस्तानात होती. इंग्रज वकिलाची पत्नी लेडी मेरी मॉन्टेग्यू हिने १७१८ मध्ये कॉन्स्टँटिनोपल येथे आपल्या मुलाला तशी टोचणी करवली. या रीतीत धोका होता, कारण टोचली जाई ती खरी देवीच. १७९६ मध्ये एडवर्ड जेन्नर यांनी तिच्याऐवजी गायींना होणाऱ्या सौम्य गोदेवीचा द्रव वापरला. ती लस व्हिएन्ना, बगदाद आणि बसरा या मार्गाने मुंबईला पोहोचली, आणि १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला ती लागू पडली. ज्या बगदादमध्ये राझींनी रुग्ण तपासले, त्याच शहरातून ती हिंदुस्थानात यावी हा योगायोग लक्षात ठेवण्याजोगा आहे.

आता गोवराकडे वळू. उत्तर अटलांटिक महासागरातील फेरो बेटांवर १७८१ मध्ये गोवराची साथ आली होती. त्यानंतर ६५ वर्षे तेथे गोवर फिरकला नाही. १८४६ मध्ये तो परतला, तेव्हा सुमारे ७,८०० वस्तीपैकी सुमारे ६,००० लोक अंथरुणाला खिळले. पीटर पानुम या तरुण डॅनिश डॉक्टरांनी घरोघर चौकशी केली, तेव्हा असे आढळले की, १७८१ मध्ये बालपणी गोवर झालेल्या वृद्धांपैकी एकालाही तो पुन्हा झाला नव्हता. शरीराने ६५ वर्षे आठवण जपली होती!

ही आठवण राहते कोठे? १८८२ मध्ये मेच्निकॉफ यांनी सिसिलीतील मेसिना येथे तारामाशाच्या पारदर्शक पिलात गुलाबाचा काटा टोचला. दुसऱ्या दिवशी पाहतात तो काट्याभोवती फिरत्या पेशी जमलेल्या! आपल्या रक्तातील काही पांढऱ्या पेशी अशाच धावून जातात आणि जंतूंना गिळतात. त्वचा, अश्रू आणि जठरातील आम्ल हे त्यांच्याही आधीचे पहारेकरी. दुसऱ्या काही पांढऱ्या पेशी शत्रूची ओळख पटवून त्याच्यावर नेमकी प्रतिद्रव्ये तयार करतात, आणि त्यांतील काही स्मृतिपेशी म्हणून वर्षानुवर्षे टिकतात. तोच जंतू पुन्हा आला की त्या वेळ न दवडता कामाला लागतात. राझींच्या प्रश्नाचे खरे उत्तर हे आहे.

येथे एखादी माता म्हणेल, "मग गोवर येऊन गेलेलाच बरा, पोर आपसूक मजबूत होईल." पालकहो, या समजुतीतच घात आहे. गोवराची आठवण राहते हे खरे. पण गोवर इतर रोगांच्या आठवणी पुसून टाकतो. लस न घेतलेल्या मुलांना गोवर झाल्यावर, आधी जमवलेल्या प्रतिद्रव्यांपैकी ११ ते ७३ टक्के नाहीशी झाल्याचे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. वर्षभर अभ्यास केलेल्या मुलाची वही कोणी फाडून टाकावी, तसेच हे. लस गोवराचा धडा शिकवते आणि जुनी वही शाबूत ठेवते.

२०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडी भागात, तसेच भिवंडी आणि मालेगाव येथे गोवराची साथ आली, आणि मुले दगावली. लस न घेतलेली अथवा अर्धवट घेतलेली मुले तिच्या तावडीत मोठ्या संख्येने सापडली. या वस्त्यांत आपलीच माणसे राहतात. ज्या रोगावर आपल्या राझींनी अकराशे वर्षांपूर्वी ग्रंथ लिहिला, त्याच रोगाने आपल्या घरची मुले जावीत, याहून मोठी नामुष्की कोणती?

जे तकदीरमध्ये असेल ते होईल, असेही कोणी म्हणतात. त्यांनी हजरत उमर (रजि.) यांची हकीकत आठवावी. शाम देशात प्लेगची साथ असल्याचे कळताच ते वाटेतूनच माघारी फिरले. अल्लाहच्या तकदीरपासून पळता काय, असे विचारले गेले, तेव्हा अल्लाहच्या एका तकदीरकडून दुसऱ्या तकदीरकडे जातो, असे त्यांनी उत्तर दिले. उपाय करणे हे श्रद्धेच्या विरुद्ध नाही.

गोवर-रुबेला लशीचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान सरकारी दवाखान्यात मोफत मिळतो. विद्यार्थी मित्रांनो, घरात लहान भावंड असेल तर त्याचे लसीकरणाचे कार्ड आजच काढून पाहा. एखादा डोस राहिला असेल तर अम्मी-अब्बांना सांगा आणि त्यांच्याबरोबर स्वतः दवाखान्यात जा. या संस्थेत तुम्ही जे इल्म मिळवता, त्याचा पहिला लाभ तुमच्याच घरातल्या पाळण्याला होऊ द्या.